पांढरा कोट तयार आहे

"सासूबाई, एआयला एवढं फोडून सांगावं लागत नाही. हुशार असतो तो. नुसता इशारा पुरतो!"

जावईबापूंनी हे ठणकावून सांगितलं, तेही सासूबाईंच्या बरण्यांसमोर उभं राहून. त्या बरण्यांची त्यांना भारी गंमत वाटायची. साध्या मिठाच्या बरणीवर चिठ्ठी: 'बारीक मीठ. स्वयंपाकासाठी. साखर नव्हे. साखर वरच्या फळीवर, लाल झाकण. ओल्या हाताने घेऊ नये.' मिठाचं एवढं चरित्र वाचतं कोण, असं ते बायकोच्या कानात म्हणायचे. बायको हसायची, पण त्या घरात चहात कधी मीठ पडलं नव्हतं.

सासऱ्यांची लाँड्री चाळीस वर्षांची, वहीवर चालणारी. जावईबापूंनी तिथे कॉम्प्युटर जोडून त्यावर एआय सहायक बसवला. निरोप धाडणं, नाराज ग्राहकाची समजूत काढणं अशा कामांसाठी त्याला टूल्स, म्हणजे एकेका कामाची अवजारं, दिली. कुठलं टूल कधी उचलायचं, हे तो प्रत्येक टूलखालचं वर्णन वाचून ठरवणार होता. जावईबापूंनी सगळी वर्णनं चार मिनिटांत उरकली. 'कळवा: निरोप पाठवते.' 'खूश करा: ग्राहकांना खूश करते.' झालं! लग्नाला तीन वर्षं झाली तरी सासऱ्यांच्या तोंडून त्यांच्यासाठी एकदाही 'वा' निघालं नव्हतं. आज ते निघणारच, अशी त्यांची खात्री होती.

दुपारी जादूगाराचा पांढरा कोट इस्त्री होऊन आला. संध्याकाळी सहाला त्याचा प्रयोग होता. सासऱ्यांनी एकेक अक्षर शोधत टाइप केलं, "पांढरा कोट तयार आहे. लवकर न्या म्हणावं."

'कळवा'मध्ये ग्राहकाचा नंबर भरला, तर निरोप त्या एकालाच जाई. नंबर रिकामा ठेवला, तर सगळ्यांना. जावईबापूंना हे पक्कं ठाऊक होतं. वर्णनात मात्र त्यांनी ते लिहिलं नव्हतं. सहायकाने नंबर रिकामा ठेवला.

चारशे बारा ग्राहकांना कळलं, की तुमचा पांढरा कोट तयार आहे!

अर्ध्या तासात दारात ही रांग!

"माझा कोट द्या."

"तुम्ही कोट टाकला होता?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाही. पण तयार आहे म्हणालात ना!"

एक आजोबा तर "मापाचा नसला तर बदलून मिळेल का?" असं विचारत होते. दातांच्या एक डॉक्टरीणबाई "माझ्याकडे सात आहेत, त्यातलाच असेल," म्हणत काउंटरवरचा कोट घेऊन गेल्यासुद्धा. गडबडीत सासऱ्यांनीच तो त्यांना पिशवीत घालून दिला.

"जावईबापू, काहीतरी करा!"

जावईबापूंनी घाम पुसत टाइप केलं, "सगळे ग्राहक चिडलेत. शांत कर त्यांना."

सहायकाने 'खूश करा' उचललं. एखाद्याचा कपडा दुकानाच्या हातून खराब झाला, तर त्याला एक धुलाई फुकट द्यायची, एवढ्यापुरतंच ते टूल होतं. हेही जावईबापूंच्या डोक्यातच राहिलं होतं. सहायकाने चारशे बारा जणांना खूश केलं!

रांग पांगली. जावईबापूंनी हुश्श केलं. वीस मिनिटांत तीच रांग परत आली, आता पडदे, गाद्यांच्या खोळी आणि ब्लँकेटं घेऊन! आजोबांनी पडदा दांडीसकट आणला होता.

पाच वाजता जादूगार आला. "माझा कोट?"

सासऱ्यांचा चेहरा उतरला. चाळीस वर्षांत त्यांनी कुणाचा रुमालही हरवला नव्हता. जावईबापूंना जमीन दुभंगावीशी वाटली. तेवढ्यात फोन वाजला.

"अहो, या कोटाच्या बाहीतून रुमाल निघतायत!" डॉक्टरीणबाई ओरडत होत्या. "मघापासून निघतायत! पेशंट तोंड मिटून टाळ्या वाजवतोय!"

कोटात जे सापडेल ते धुऊन, घडी घालून जिथल्या तिथे ठेवायचं, ही सासऱ्यांची जुनी शिस्त. ती अशी कामाला आली. बायकोने स्कूटर काढली, आणि सहाला पाच मिनिटं असताना कोट जादूगाराच्या अंगावर चढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई चष्मा लावून दुकानात आल्या. "सरका," एवढंच म्हणाल्या आणि कॉम्प्युटरसमोर बसल्या. दीड तास लिहीत होत्या. 'कळवा. एकाच ग्राहकाला निरोप देण्यासाठी. नंबर भरल्याशिवाय वापरू नये. नंबर माहीत नसेल तर दुकानदाराला विचारावा, अंदाज करू नये. सगळ्यांना सांगायचं असेल तर हे टूल नव्हे.'

सासऱ्यांनी लगेच टाइप केलं, "निळी साडी तयार आहे."

पडद्यावर उत्तर आलं, "कोणत्या ग्राहकाची? नंबर द्याल का?"

"वा!" सासरे म्हणाले.

जावईबापूंची छाती फुगली. पण सासरे सासूबाईंकडे बघत होते.

जावईबापू आपल्या खुर्चीकडे वळले. खुर्चीच्या पाठीवर सासूबाईंच्या ठसठशीत अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली होती: 'जावई. कॉम्प्युटर जोडण्यासाठी. उंच फळीवरचं काढायलाही चालतो. महत्त्वाचं ते डोक्यातच ठेवतो, विचारून घ्यावं. मनाने चांगला.'

त्यांनी ती दोनदा वाचली. खोडण्यासारखा एकही शब्द सापडेना. मग त्यांनी बाह्या सरसावल्या आणि पहिलं ब्लँकेट धुवायला घेतलं. अजून चारशे अकरा जण खूश व्हायचे होते!