सुपाआडचा फासा

तीन वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या माणसाला टाळण्यासाठी मी नारळाच्या झावळ्यांच्या ढिगामागे लपलो होतो. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. त्या माणसाची बायको म्हणजे आमची शेजारीण शालिनीकाकी. मी लिहितोय ते तिच्याविषयी. कारण दर रविवारी दुपारी ती मला समोर बसवते आणि विचारते, "विजू, लपणार का?"

नागावात येणाऱ्या पाहुण्यांना काकी म्हणजे दोन खोल्या भाड्याने देणारी, वालाची उसळ चांगली करणारी साधी बाई वाटते. पाहुणा गाडीतून उतरला की ती त्याच्याकडे एकदा नीट बघते आणि मला कुंपणावरून ऐकवते, "याचं आठ. बायकोचं पंधरा." हे वय नव्हे आणि भाडंही नव्हे. ही त्यांच्या बसल्या जागेच्या लक्षाची मोजणी. काकीच्या मते बसल्या जागेचं लक्ष प्रत्येकाला असतं. बघायचं ठरवलेलं नसताना माणसाला जेवढं दिसतं, तेवढं. पोस्टमनचं बारा, तिच्या मांजरीचं अठरा, जावयाचं सहा. "आणि तेसुद्धा जेवणाची वेळ असेल तर."

स्वतःचं ती सांगत नाही. मी एकदा विचारलं होतं. "तुला कशाला हवंय?" म्हणाली, आणि माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मी उगाचच पंप बंद करायला घरी गेलो. पंप चालू नव्हता.

तिची चालही तशीच. चपला काढून, पावलांच्या कडांवर चालते. सकाळी विहिरीपाशी दात घासताना मी मान वळवावी आणि काकी हातभर अंतरावर. "कढीपत्ता हवा होता." पेस्ट गिळण्याची वेळ माझ्यावर बऱ्याचदा आली आहे. आमच्या आळीतली कुत्रीसुद्धा तिच्यावर भुंकत नाहीत. त्यांना ती दिसतच नाही, असं शेजारच्या हरेशचं म्हणणं.

हे सगळं सुरू झालं एका खेळापायी. अण्णा, म्हणजे तिचे यजमान, गेल्यानंतरच्या पावसाळ्यात पुण्याहून चार इंजिनियर तिच्याकडे उतरले. समुद्र खवळलेला, बोटी बंद. ती पोरं पडवीत बसून खेळत राहिली. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कोण योद्धा, कोण चोर, कोण मांत्रिक. मांडलेलं काम जमलं की फसलं ते फासा ठरवतो, आणि त्या फाशाला वीस बाजू. पहिल्या दिवशी काकी चहा देता देता उभी राहिली. दुसऱ्या दिवशी खाली बसली. तिसऱ्या दिवशी तिने त्यांच्या मांत्रिकाला विहिरीत पाडलं. जाताना पोरं फासे तिलाच देऊन गेली, पुढे पुस्तकही पाठवलं. ते तिने डिक्शनरी घेऊन महिनाभर वाचलं आणि मग आम्हा तिघांना बोलावणं धाडलं. शाळेतल्या मेधाबाई, किनाऱ्यावर बनाना बोट चालवणारा हरेश म्हात्रे आणि मी.

पाहुणे निघून नवे यायच्या मधल्या दुपारी आम्ही बसतो. आम्ही म्हणजे तीन रोठा सुपाऱ्या, इकडच्या मोठ्या गोल, आणि शत्रू म्हणजे चिंचोके. हरेशची सुपारी लोखंडी चिलखत घालते, मेधाबाईंची मंत्र म्हणते, आणि माझी चोरपावलांनी पुढे जाऊन टेहळणी करते. हे काम मी निवडलं नाही. काकीनेच सुपारी माझ्या हातावर ठेवली. "तू लपणारा. तुला जमेल."

तिला काही ठाऊक आहे का, हे तेव्हापासून मी ताडत असतो.

लपण्याचे तिचे नियम कडक. समोरचा सरळ तुमच्याकडे बघत असेल तर लपता येत नाही, आधी आडोसा लागतो. मग फासा पडतो, त्यात तुमचं कसब मिळवायचं. ती बेरीज राखणदाराच्या बसल्या जागेच्या लक्षापेक्षा कमी भरली, तर तुम्ही दिसलात. चिलखतवाल्यासाठी दोन फासे, आणि त्यातला लहान आकडा धरायचा.

"ह्यो काय न्याय हाय?" हरेश दर वेळी कुरकुरतो. "मी हळू चालीन ना."

"तू घरात चहा पितोस तो माझ्या पडवीत ऐकू येतो," काकी म्हणते. "दोनच."

पण शेवटचा नियम सगळ्यात वाईट. लपणाऱ्याने आपला फासा आपण टाकायचा नाही. काकी समोर सूप उभं धरते, त्याच्या आड स्वतः फासा टाकते, एकटी बघते आणि म्हणते, "लपलास." नाहीतर काहीच म्हणत नाही.

मेधाबाईंनी एकदा हरकत घेतली. "अहो, पण आपला आकडा आपल्याला कळायला नको का?"

"खऱ्या लपणाऱ्याला कळतो?" काकी म्हणाली. "तो श्वास धरून उभा असतो. आपण दिसलो की नाही हे ज्याने बघितलं त्यालाच ठाऊक." हे बोलताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. तेच मला जास्त लागलं.

आता ढिगामागची गोष्ट.

अण्णांना शेवटची दोन वर्षं फार आठवत नसे. काळी छत्री घेऊन आळीत फिरायचे आणि जो भेटेल त्याचं मनगट धरायचे. मग नागावाहून पालीपर्यंत बल्लाळेश्वराला ते चालत कसे गेले, ते पायाच्या फोडांसकट ऐकवायचे. सोडायचे नाहीत. त्या दुपारी मी वाडीत होतो, अण्णा येताना दिसले आणि मी झावळ्यांमागे गेलो. घाई कसलीच नव्हती, सुट्टी होती. नकोसं वाटलं, एवढंच. छत्री टेकत ते पुढे गेले. सुरूच्या बनातून, समुद्राकडे.

थोड्या वेळाने काकी आमच्या दारात आली. "विजू, हे दिसले का रे कुठे?"

मी म्हणालो, "नाही."

का म्हणालो ते आजही सांगता येत नाही. दिसले म्हटलं असतं तर थांबवलं का नाहीस, हा प्रश्न आला असता. अण्णा पूर्वी माणगावच्या शाळेत होते, एरवी चुकले की माणगावची गाडी धरायला स्टँडवर जायचे. म्हणून सगळे तिकडे पळाले. मीही स्कूटर काढून त्यांच्याबरोबर स्टँडवर गेलो, समुद्राकडे पाठ करून. संध्याकाळी ते एका कोळ्याला खाडीच्या तोंडाशी सापडले, कमरेएवढ्या पाण्यात बसलेले. ताप छातीत उतरला. पुन्हा अंथरुणावरून उठले नाहीत.

मग दर रविवारी मी त्या सुपासमोर का जात होतो, असं कुणी विचारेल. न जाणं हेच तिच्या लक्षात आलं असतं म्हणून.

गेल्या महिन्यातली गोष्ट. खेळात किल्ल्याचं भुयार संपवून आम्ही एका बागेत पोचलो होतो. मेधाबाई शेंगा सोलत होत्या. काकी सावकाश सांगू लागली. "दोन्ही बाजूंना झाडं आहेत. वाटेवर वाळलेल्या पानांचा ढीग. समोरून एक म्हातारा राखणदार येतोय. हातात छत्री."

हरेश हसला. "राखणदार नि छत्री? तलवार दे की त्याला."

"छत्री," काकी म्हणाली. "विजू, काय करतोस?"

पळून जावं तर पळण्याचाही फासा तीच टाकणार. सवयीने तोंडातून गेलं, "लपतो."

सूप उभं राहिलं. फासा गडगडला. काकीने बघितलं, जरा जास्तच वेळ, आणि म्हणाली, "लपलास."

नेमका त्याच वेळी हरेशने शेंगांकडे हात लांबवला आणि त्याच्या पोटाने सूप आडवं झालं. फासा सगळ्यांसमोर होता. एक.

"काकी, एक हाय ह्यो!" हरेश ओरडला. "एकाला काय लपतोय? सपशेल दिसला ना. म्हंजे आजवर तू ह्याला अशीच लपवीत होतीस व्हय? आनि मला मेल्याला दोन-दोन फासे?"

काकीने फासा उचलून मुठीत धरला. "राखणदाराने बघितलं," ती म्हणाली. "पण तो काही बोलला नाही. पुढे गेला."

त्या दिवशी खेळ तिथेच मोडला. हरेश तणतणत गेला, त्याच्यामागून मेधाबाई. मी उठलो तर काकी म्हणाली, "तू बस." मी बसलो. ती चिंचोके डब्यात भरत राहिली.

"त्यांना घरी आणलं ना, त्या संध्याकाळी पहिलं काय बोलले माहित्ये?" ती डब्याशीच बोलत होती. "म्हणाले, विजू झावळ्यांमागे लपलावता. लपाछपी खेळत होता माझ्याशी. मला दिसला, पण मी न बघितल्यासारखं केलं. म्हटलं, जिंकू दे पोराला."

मी पन्नाशीचा माणूस. त्यांच्या लेखी चड्डीतला होतो.

"मग मी कशी पकडू तुला?" काकी म्हणाली. "त्यांनी जिंकवलं, मी हरवायचं? फासा आपला पडायचा तो पडायचा. मी सांगायची लपलास." तिने झाकण लावलं. मग सूप उचलून माझ्या हातात दिलं, कडेची वेताची शिवण सुटली होती. "ही बांधून आण. आणि रविवारी ये हो. तिघं नसलात की मला ही पडवी नको होते."

शिवण मी बांधून दिली. रविवारी गेलोही. अजून मी लपणाराच आहे, आणि फासा अजून तीच टाकते.

मी लपलो होतो, हे तिला पहिल्या संध्याकाळपासून ठाऊक आहे. पण दारात उभी राहून तिने जे विचारलं होतं, ते पुन्हा कधीच विचारलेलं नाही. हे दिसले का रे कुठे, या प्रश्नाला मी नाही म्हणालो होतो. दिसले होते, काकी, समुद्राकडे गेले, हे उत्तर मला तिला अजून द्यायचं आहे.