मुखेडचं टेबल आणि लातूरचे सर

"सर, तुम्ही नुसतं बघत राहा. बोलायची वेळच येऊ देणार नाही!" डॉक्टर मुकुलने सकाळी फोनवर छाती फुगवून सांगितलं, आणि फोन ठेवल्याबरोबर तळहाताचा घाम पँटला पुसला.

मुखेडात नवा दवाखाना आणि हर्नियाचं पहिलं स्वतंत्र ऑपरेशन! आजवर त्याचे गुरू वसंतराव सर टेबलापलीकडे उभे असायचे. आता सर लातुरात, स्वतःच्या सोफ्यावर, व्हिडिओ कॉलवर. आज काही बिघडलं, तर मुखेडचा माणूस उद्यापासून साधा फोड दाखवायलाही लातूरची एसटी धरणार, ही भीती मुकुलला सकाळपासून सोडत नव्हती.

पेशंट व्यंकट कंधारकडचा शेतकरी. कमरेखाली बधिर, वर मात्र टक्क जागा! छातीपाशी हिरवा पडदा, पडद्यापलीकडे त्याचे भेदरलेले डोळे. बीपी चढू लागलं.

"ह्यांना कुणीतरी बोलण्यात गुंतवा हो," भूल देणाऱ्या मृण्मयी मॅडम म्हणाल्या.

"मी बोलतो!" स्टँडवरच्या मोबाईलमधून सर म्हणाले. "काय पाहुणे, गाव कोणतं?"

झालं! हा प्रश्न मराठवाड्यात एकदा निघाला की तो थांबवणं कुणाच्याच हातात राहत नाही.

"कंधारपाशी हाय, सायेब."

"सासुरवाडी?"

"हदगाव."

"हदगाव? आमच्या हिचं माहेर हदगाव! कोणाचे जावई तुम्ही?"

"ग्यानोबा मास्तराचा."

"अहो, ते हिचे चुलतमामा! म्हणजे आपण साडू निघालो की!"

"सर, चीर घेऊ?" मुकुलने भीत भीत विचारलं.

"घे, घे. हां व्यंकटराव, मास्तरांच्या गुडघ्याचं काय झालं?"

मुकुलने सुरुवात केली. हात बरे चालत होते. हर्नियाची पिशवी सोडवत आणली, आणि तेवढ्यात खालून भळकन रक्त वर आलं! कुठून येतंय तेच दिसेना. मोठ्याने ओरडायचीही सोय नाही, पेशंट कान टवकारून पडलेला!

"सर! इकडे जरा... लाल झालंय!"

"काय लाल झालंय?" पडद्यापलीकडून व्यंकट.

"दिवा, दिवा!" मृण्मयी मॅडमनी सावरून घेतलं.

मुकुलने मान वर केली. स्क्रीनवर सर नव्हतेच! तिथे सौदामिनीकाकू होत्या, सरांच्या पत्नी, चेहरा कॅमेऱ्याला चिकटवून.

"व्यंकटराव, तुमची बायको, आमची गुणाअक्का कुठंय?"

"बाहीर बसलीय. रडून राहिली."

"काकू, सर कुठे गेले?" मुकुलचा आवाज चिरकला.

"चहा टाकायला. पाहुणे आले आणि चहा नको का रे?"

मुकुलला दरदरून घाम फुटला. सिस्टर लक्ष्मीबाईंनी एका हाताने त्याचं कपाळ टिपलं. "कॉल बंद करू का, डॉक्टर?"

"मुळीच नको!" मॅडम कुजबुजल्या. "आत्ता कुठे ह्यांचं बीपी जाग्यावर आलंय!"

काकू हदगावच्या आंब्यांवर आल्या होत्या. मुकुलने जखमेत गॉजची घडी दाबली आणि तशीच धरून ठेवली. बोट उचललं आणि पुन्हा रक्त आलं तर? बाहेर बसलेल्या त्या बाईला काय सांगायचं? श्वास रोखून त्याने गॉजची कड हळूच उचलली. एक बारकी रक्तवाहिनी वाहताना दिसली. चिमटा लावला, दोरा बांधला, पुसून पाहिलं. कोरडं! पुन्हा पुसलं, पुन्हा पाहिलं. कोरडं! त्याला आनंदाने रडावंसं वाटलं, पण हात अडकलेले. मग त्याने मुकाट्याने हर्नियाच्या जागी आधाराची जाळी बसवली आणि कातडी शिवायला घेतली.

शेवटच्या टाक्याला कपबशी घेऊन सर स्क्रीनवर अवतरले.

"हं मुकुल, कुठे अडलंय?"

"संपलं, सर," मुकुल पुटपुटला.

"बघ! मी समोर असलो की तुझा हात कसा सुरेख चालतो!"

निदान पेशंट तरी दोन शब्द चांगले बोलेल, या आशेने हातमोजे काढून तो पडद्यापलीकडे गेला. व्यंकट चांगला टवटवीत दिसत होता. मुकुलला पाहताच त्याने ओशाळून हात जोडले.

"माफ करा डॉक्टरसायेब, पाव्हण्यांच्या बोलण्यात तुम्हाला लई ताटकळत ठेवलं. आता फिकर न्हाई. करा सुरू आपरेशन!"