मंगळवारी, एक ते दोन

नरहरीमामाच्या शिलाईच्या दुकानाबाहेर एक पुठ्ठ्याची पाटी टांगलेली आहे. 'शिलाईला माणूस पाहिजे. मंगळवारी, एक ते दोन या वेळेत भेटा.' कानडीत लिहिलेली आहे. या पाटीला नऊ वर्षं झाली. ऊन खाऊन तिची शाई दोनदा उडाली आणि दोन्ही वेळा मामानं ती माझ्याकडच्या पेननं गिरवून घेतली. माणूस मात्र अजून ठेवलेला नाही.

मामा माझ्या आईचा चुलत भाऊ. म्हैसुरात मार्केटच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान आणि त्याला लागून माझं तसबिरींना चौकटी करायचं. मधली भिंत इतकी पातळ आहे की मामानं पैसे वाचवले की मला ऐकू येतं. आमच्या घराण्यात तीन-चार पिढ्या शिंपीकाम चाललं, त्यामुळे चिकटपणा थोडाफार सगळ्यांतच आहे. चिंधी फेकताना आमचा हात अडखळतोच. पण मामानं त्याचं शास्त्र केलं.

कापडावर रेघा मारायला इतर शिंपी खडू विकत आणतात. मामा अंघोळीच्या साबणाची उरलेली चिपटी वापरतो. स्वतःची पुरत नाहीत म्हणून गल्लीतल्या चार घरांतून मागून आणतो. माझ्या बायकोनं एकदा साबणाची वडी जरा लवकर बदलली, तर दुसऱ्या दिवशी हा दारात हजर. त्यानं शिवलेल्या माझ्या विजारीला पहिली धुलाई होईपर्यंत चंदनाचा वास येत होता.

इस्त्री कोळशाची. कोळसा पलीकडच्या इडलीवाल्याच्या शेगडीतला, सकाळची गर्दी ओसरल्यावर तो राखेत टाकायच्या आत उचलून आणलेला. दुकानात पंखा आहे, पण त्याचं बटण कुठं आहे हे कोणाही गिऱ्हाइकाला आजवर सापडलेलं नाही. दिव्याचा खर्च नको म्हणून मामाचं मशीन सूर्याबरोबर फिरतं. सकाळी दाराशी, दुपारी मध्यभागी, चार वाजता मागच्या खिडकीपाशी. ते ओढतानाचा खर्रकन आवाज आला की मी घड्याळ न बघता वेळ सांगतो. जुन्या गिऱ्हाइकाचं माप तो पुन्हा घेत नाही. टेप झिजते. 'चाळीस झाली की माणूस पुढंच वाढतो, मागं नाही,' असं म्हणून अंदाजानं दोन बोटं वाढवतो, आणि मेला त्याचा अंदाज चुकत नाही.

साकु हा त्याचा लाडका शब्द. कानडीत साकु म्हणजे पुरे. आम्हा म्हैसूरच्या मराठी लोकांच्या बोलण्यात निम्मी कानडी असतेच, पण मामानं त्यातून नेमका हा एकच दागिना उचललाय. कॉफी ओतताना साकु. जेवणात वाढताना साकु. कुणी सुखदुःख सांगायला बसलं की तिसऱ्या वाक्याला साकु. एका कॉफीचे दोन कप करणं इथं कुठल्याही हॉटेलात चालतं. मामा तीन करतो. एक स्वतःला, एक मला, एक यमुनाक्काला. कॉफी मागवतो तो, आणि तिचे पैसे देतो मी.

यमुनाक्का म्हणजे त्या दुकानातलं दुसरं आणि शेवटचं माणूस. शर्टांची काजं हातानं करणं हे तिचं काम, मामाच्या वडिलांच्या काळापासून. सत्तरी केव्हाच ओलांडली. लग्न झालं नाही, भावाच्या घरी राहते. एक तारखेला भावजय तिच्याशी गोड बोलते आणि उरलेला महिना भांडी आपटते. 'पगार येतो तोवर त्या घरात माझं ताट आहे,' असं अक्का स्वतःच सांगते आणि सांगताना हसते. अशा बाईला मामा या वयात राबवून घेतो, याचा मला संताप यायचा.

त्यातही त्याचे हिशेबीपणाचे प्रकार. रोज सकाळी दुकान उघडलं की पहिला अर्धा तास मामा वीस सुयांत दोरा ओवून अक्काच्या गादीला टोचून ठेवायचा. प्रत्येक दोरा हातभर. वीतभर दोरासुद्धा जास्त जाऊ नये म्हणून म्हाताऱ्या बाईच्या हातात रीळ द्यायचं नाही, ही हद्द झाली. दुकानात एकच दिवा जळायचा, तो तिच्या डोक्यावर. मी मनात म्हणायचो, तेवढ्या उजेडात तिच्यावर नजर ठेवायला बरं पडत असेल.

आता त्या पाटीचं सांगतो.

काम मागायला माणसं यायची. पाटीवर मंगळवारी एक ते दोनची वेळ का, तर ती अक्काची जेवायला घरी जायची वेळ. ती उठून गेल्यावर तिची जागा रिकामी राहते, ती तरी फुकट का जावी. आलेल्याची परीक्षा काजाची. 'ज्याला काज येत नाही, तो कॉलर काय लावणार?' असं मामा म्हणायचा. सहा-आठ काजं करून घ्यायची आणि घरी पाठवायचं. त्या वेळी मीही जेवायला घरी गेलेलो असायचो. कुणाला कशासाठी नाकारलं ते परत आल्यावर विचारायचो, तेवढीच माझी करमणूक. एक डावरा होता. एक हुणसूरहून बसनं येणार होता, म्हणजे बस चुकली की उशीर. एक बाई दोन तांबे पाणी प्यायली. एकाचा हात चांगला होता, पण तो काम करताना गात होता.

माझं गणित सोपं होतं. नऊ वर्षं मामा उमेदवारांकडून फुकटात काजं करून घेत होता. मी ही गोष्ट चौकटी करायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचो. रंगवून सांगायचो. निम्म्या मार्केटात मामाचं नाव मीच खराब केलं, हे कबूल केलेलं बरं.

मधे एकदा त्यानं माझाच शर्ट शिवला, तर वरून दुसरं काज इतकं तिरपं की बटण आत जाईना. मी शर्ट नेऊन त्याच्यापुढं टाकला आणि चांगला आवाज चढवला. मामानं माझं मनगट धरलं. 'बाहेर चल. गिऱ्हाईक ऐकतं,' म्हणाला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतंच. खाली मान घालून काजं करणारी अक्का तेवढी होती. पुढल्या बुधवारी शर्ट दुरुस्त होऊन आला, काज रेघेसारखं सरळ. चूक दाखवली की सुधारतो तरी, असं मी समजलो.

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. माझी चुलत बहीण शारदा नंजनगूडला असते. तिच्या नवऱ्याचा कारखाना बंद पडला आणि घर तिच्या सुईवर आलं. शारदाचा हात फार सुरेख. मला भीड वाटत होती, तरी मामाला जाऊन सांगितलं की ही आपल्या घरातली आहे, हिला ठेव, आणि परीक्षेचं नाटक नको.

'मंगळवारी एकला पाठव,' मामा म्हणाला.

शारदा आली. दोनला बाहेर पडली. मी विचारलं तर 'नाही म्हणाले, दादा' एवढंच बोलली आणि बस गाठायला गेली. तिचा चेहरा पडलेला नव्हता. पोरगी सोसणारी आहे, असं वाटून मला उलट भरून आलं. आठवडाभर मी मामाशी बोललो नाही. कॉफीही मागवू दिली नाही, म्हणजे माझेच पैसे वाचले.

पुढल्या मंगळवारी एक वाजता बघतो तर शारदा पुन्हा मामाच्या दुकानात शिरतेय. माझं डोकं फिरलं. गरजवंत बाईला आशा लावून दुसऱ्यांदा फुकट राबवायचं. हातातली चौकट तशीच टाकली आणि आत गेलो. नऊ वर्षांचं साठलेलं सगळं बोललो. चिकट म्हणालो, लोकांच्या घामावर दुकान चालवतोस म्हणालो, आणखी बरंच म्हणालो, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मामानं आधी घड्याळाकडं बघितलं. मग म्हणाला, 'हळू बोल रे. अक्का यायला वेळ आहे, पण भरवसा नाही.'

'फुकट नाही दादा,' शारदा म्हणाली. तिची मान शर्टावर तशीच होती. 'काजाचे दुप्पट देतात. बसचेही देतात. कुणाला सांगू नको म्हणून शपथ घातली होती.'

'मग आता कशाला सांगितलंस?' मामा चोरी पकडल्यासारखा कावराबावरा झाला.

मी टेबलाकडं बघितलं. अक्कानं आठवडाभर केलेल्या शर्टांची चळत होती. काही काजं तिरपी, काही अर्धवट सुटलेली, एक तर मागचा पुढचा पदर एकत्र धरून शिवून टाकलेलं. मामा चष्मा लावून एकेक उसवत होता आणि शारदा ते नव्यानं भरत होती. माझा तो तिरप्या काजाचा शर्ट मला तेव्हा आठवला.

मी खाली बसलो. डोळ्यांचं विचारलं. ऑपरेशन झालं होतं, मामानंच करवलं होतं, पण डॉक्टरांनी आता एवढंच दिसेल म्हणून सांगितलं होतं. तिला सुईचं भोक दिसत नाही. सकाळच्या त्या वीस सुया त्यासाठी. तो दिवाही त्यासाठी. मग काजं मशीनवर करून आण की, मी म्हणालो. ते मामानं करून बघितलं होतं. संध्याकाळी शर्टांच्या घड्या घालताना अक्का प्रत्येक काजावरून बोट फिरवते. मशीनचं काज तिनं पहिल्याच दिवशी ओळखलं आणि हे कोणाचं, असं विचारलं. घरी बसवून पगार दे म्हटलं, तर तेही झालेलं. दसऱ्याला जास्तीचे दिले होते, ते तिनं दुसऱ्या दिवशी मशीनवर आणून ठेवले. काम न करता घ्यायचे तर आयुष्यभर सुई कशाला धरली, असं म्हणाली.

'मग एक बाई कायमची ठेव. ही शारदा आहेच.'

'ठेवली की अक्काला कळेल, आपली जागा गेली,' मामा म्हणाला. 'दुसऱ्या दिवशी यायची नाही ती. आणि नाही आली तर त्या घरात तिचं काय होतं, तुला ठाऊक आहे ना?'

म्हणून ती पाटी. पाच-सहा जण होते, आलटून पालटून यायचे. डावरा, हुणसूरचा, पाणी पिणारी बाई, सगळे नऊ वर्षं परीक्षा देत होते आणि नापास होत होते. एकेका काजाचे मामा तीनदा पैसे देत होता, एकदा अक्काला आणि दोनदा दुसऱ्याला. मी इतकी वर्षं त्याचं हसं केलं आणि त्यानं ते होऊ दिलं, कारण लोकांना तो चिकट वाटणंच त्याच्या सोयीचं होतं. मला माझी लाज वाटली. तरी एक सांगतो, साबणाची चिपटी काही अक्कासाठी नव्हती. तो रोग जन्माचा आहे.

'इतकं का करतोस?' मी विचारलं.

'माझी आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा. बाबा दिवसभर मशीनवर. ह्याच बाकावर अक्कानं आपल्या डब्यातलं मला भरवलं, सुईत दोरा घालायला शिकवलं. आता मी घालून देतो. साकु, जास्त विचारू नको.'

तेवढ्यात अक्काच दारात. त्या दिवशी भावजयीशी काही झालं असावं, लवकर परतली होती. शारदाच्या हातात शर्ट होता. उसवलेले दोरे मामानं मुठीत गोळा केले.

'कोण बसलंय?' अक्कानं डोळे बारीक केले.

'काम मागायला आलीय एक,' मामा म्हणाला.

अक्का आपल्या जागेवर बसली आणि सवयीनं चळतीतला वरचा शर्ट ओढला. शारदानं नुकताच पुरा केलेला. पहिल्या काजावरून बोट फिरलं, दुसऱ्यावरून फिरलं, तिसऱ्यावर थांबलं.

'नरहरी, हे माझंच ना रे?'

नऊ वर्षं निभावून नेलेला माणूस ऐनवेळी गळाठला. मग मीच बोललो. म्हटलं, 'अक्का, तुझंच. मी ह्याला तेच सांगायला आलो होतो. अख्ख्या म्हैसुरात असं काज कुणाला येत नाही. माझ्या शर्टाचं बघ, इतकी वर्षं झाली, अजून एक टाका...'

'साकु,' मामा म्हणाला. स्तुतीतसुद्धा त्याला काटकसर हवी होती.

अक्का खूश झाली. शर्ट शारदापुढं धरून म्हणाली, 'बघ पोरी, काज असं यायला पाहिजे. शिक. मला यायला सात वर्षं लागली.' शारदानं आपलंच काज निरखून बघितलं आणि हो म्हणाली.

'हिला ठेवणार का?' अक्कानं मामाला विचारलं.

'नाही. नंजनगूडहून येणार. उगाच बसचा खर्च कशाला?'

'तुला कुणीच पटत नाही रे,' अक्का म्हणाली. गादीवर चाचपून तिनं ओवलेली सुई काढली. 'मी गेल्यावर काय करशील?'

'पाटी आहे की बाहेर,' मामा म्हणाला. आणि ऊन अजून मध्यभागीच असताना त्यानं मशीन खर्रकन मागच्या खिडकीशी ओढलं, आमच्याकडं पाठ करून बसला आणि मशीनच्या सुईत दोरा ओवू लागला. चारदा चुकला. पाचव्यांदाही तो दोरा सुईत गेला नाही.