प्रेक्षणीय देशांची नियमावली

साहेब, जगातला कुठला देश सुंदर आहे हे तुम्ही ठरवता, आणि वर नामानिराळे राहता. रोज सकाळी सव्वानऊला मध्यवर्ती बँकेतल्या तुमच्या कचेरीतून आकडे सुटतात: आज कुठल्या चलनापुढे आपला युआन किती वजनाचा. तुम्ही आकडे सोडता, चहा पिता, पुढच्या कामाला लागता. इकडे सिपिंग गावात आमचा थोंग देहाई चष्मा चढवून बसलेला असतो, आणि चोवीस माणसांनी यंदा कुठला समुद्र बघायचा ते त्या आकड्यांवर ठरतं. त्याच्या घरात जे झालं त्याला जबाबदार तुम्ही आहात. (आम्ही नाही. आम्ही फक्त मंडळ आहोत.)

थोंग म्हणजे सरकारी धान्य गोदामाचा निवृत्त मापाडी. बत्तीस वर्षं मक्याची पोती तोलली, त्यामुळे अर्थशास्त्र त्याला आपोआप येतं. गोदामातून निवृत्त झालेल्या आम्हा चोवीस जणांचं परदेश सहल मंडळ त्यानंच काढलं आणि नियमावलीही त्यानंच लिहिली. आमचा तिच्यावर पूर्ण विश्वास आहे, कारण ती छापील आहे. मुख्य कलम असं की, ज्या देशाचं चलन गेल्या वर्षभरात आपल्यापुढे किमान एक दशांश घसरलेलं नाही, तो देश प्रेक्षणीय समजला जाणार नाही. उपकलम: घसरण चालू असल्यास थांबावे, देश आणखी प्रेक्षणीय होण्याची शक्यता असते.

हे शास्त्र अचूक आहे. जपानातली देवळं हजार वर्षं उभी होती, पण त्यांत बघण्यासारखं काही आहे हे मंडळाच्या ध्यानात येन पडल्यावरच आलं. तुर्कस्तान तर दरवर्षी जास्त जास्त देखणा होत गेला. इजिप्तमध्ये पिरॅमिड आहेत ही गोष्ट लुआनला, म्हणजे आमच्या चिटणिसाला, तिथला पाउंड कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशी कळली. मंडळाच्या पाहणीनुसार शंभर टक्के सदस्यांना स्वस्त सूर्यास्त महाग सूर्यास्तापेक्षा लाल वाटतो. (पाहणी बसमध्ये हात वर करून घेतली. ड्रायव्हरनंही हात वर केला होता, त्याला खाली घ्यायला सांगितला.) आपला युआन वधारला की आमची छाती फुगते, जसा काही आम्हीच त्याला खांद्यावर घेऊन वर चढवला. उतरला की आम्हाला मायभूमीची ओढ लागते आणि आम्ही जवळपासचे डोंगर बघून येतो.

सगळं सुरळीत होतं. अडचण एकच, थोंगची मुलगी लू स्वित्झर्लंडमध्ये राहते.

नऊ वर्षांपूर्वी ती लग्न करून गेली तेव्हा तिथला एक फ्रँक सात युआनच्या आत मिळायचा. थोंग म्हणाला, जरा उतरू दे, मग जाऊ. पण फ्रँकला काही वळणच नाही. तो चढत चढत नऊच्या घरात गेला. मधल्या काळात लूला मुलगी झाली, वेनवेन. तिला दात आले आणि त्यातले दोन पडलेही. थोंगच्या बायकोनं, गोदामातूनच निवृत्त झालेल्या युएछिननं, दर हिवाळ्यात नातीसाठी कापूस भरलेली जाड विजार शिवली, दर वर्षी चार बोटं लांब. टपालखर्च विजारीपेक्षा जास्त, म्हणून सहा विजारी पेटीतच राहिल्या. आजी-आजोबांनी त्या पोरीच्या डोक्यावरून अजून एकदाही हात फिरवलेला नव्हता.

मग येन पडला, आणि फ्रँकपुढेही पडला. लूचा फोन आला. "बाबा, एप्रिलात आम्ही ओसाकाला जातोय. तुमच्याच नियमानं. तुम्हालाही स्वस्त, आम्हालाही. तिथेच भेटू या."

थोंगचा ऊर भरून आला. थोडा भेटीच्या आनंदानं, पण मुख्यतः पोरीनं दर नीट बघितला म्हणून. मंडळानं अभिनंदनाचा ठराव केला आणि चोवीस तिकिटं काढली.

निघायला आठ दिवस उरले असताना तुम्ही आकडा सोडला. शंभर येनला चार युआन साठ फेन पडायचे (शंभर फेनांचा एक युआन), ते चार अठ्ठ्याहत्तर झाले. थोंगनं आपल्या स्वैपाकघरात तातडीची बैठक बोलावली.

"अठरा फेन," तो म्हणाला. घरातलं कुणी गेल्यासारखा आवाज.

"थोंगदादा, नियम काय म्हणतो?" लुआननं विचारलं.

"चढत्या चलनाच्या तोंडी जाऊ नये. कलम सात."

"मग व्हिएतनाम बघू. तिथेही समुद्रच आहे."

युएछिन ओट्यापाशी कणीक तिंबत होती. "व्हिएतनामात माझी नात आहे का रे, लुआन?"

"वहिनी, तुमच्या भावना समजतात. पण मंडळ भावनेवर चालत नाही."

"कशावर चालतं ते नऊ वर्षं बघतेय. म्हाताऱ्या, तू येतोयस की नाही?"

"पंधरा दिवस थांबू. उतरेल."

"पोर थांबणारे का तिथं पंधरा दिवस?"

"लूला समजावतो. थांबली तर तिचाही फायदाच आहे."

"तुझा फायदा मी पेटीत घड्या घालून ठेवलाय," युएछिन म्हणाली, आणि तिनं कणकेला असा ठोसा दिला की लुआन खुर्चीसकट मागे सरकला.

थोंगनं आपलं तिकीट रद्द केलं. त्याबद्दल दंड चौदाशे युआन. (दंड आपल्याच चलनात असल्यामुळे विनिमयातलं नुकसान शून्य, अशी लुआननं इतिवृत्तात नोंद केली.) आम्ही बाकीच्या बावीस जणांनीही रद्द केलं. युएछिन एकटी गेली. मंडळाचं निशाण न घेता परदेशी जाणारी ती पहिली सदस्य, सबब तिचं सदस्यत्व तूर्त स्थगित आहे.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ओसाकाहून फोन आला. मंडळाचे आम्ही चौघे तेव्हा थोंगकडेच होतो, व्हिएतनामचा दर बघत. पडद्यावर युएछिन दिसली. तिच्या मांडीवर लांब पायांची एक पोरगी बसली होती आणि आजीच्या कानाची पाळी ओढत होती. युएछिन ओढू देत होती.

"आजोबा, तुम्ही का नाही आलात?" पोरगी आपली भाषा बोलते, जरा अडखळत.

"दर वाढला, बाळा."

"किती?"

थोंग खुलला. या प्रश्नाचं उत्तर त्याला येत होतं. "रोजचे वीस हजार येन, सात दिवस. शंभराला अठरा फेन जास्त. म्हणजे आजोबांनी दोनशे बावन्न युआन वाचवले."

"तेवढ्यात काय येतं?"

थोंगनं विचार केला. त्याला खोटं सांगता येत नाही, मापाड्याची सवय. "भात शिजवायचं विजेचं भांडं. मध्यम."

"मग घेतलंत?"

"नाही."

"का?"

थोंगनं आमच्याकडे बघितलं. आम्ही चौघेही माना खाली घालून बसलो होतो. शरमेनं नव्हे, साहेब. वीस हजार गुणिले सात, भागिले शंभर, गुणिले अठरा फेन: आम्ही ताळा करून बघत होतो. हिशेब बरोबर निघाला. हे वाचणाऱ्यानंही मघाशीच मनात करून बघितला असेल. त्याला आम्ही मंडळात घ्यायला तयार आहोत, दोन जागा मोकळ्या होतील असं दिसतंय.

फोन अजून चालू आहे. पोरगी पडद्याच्या अगदी जवळ आलीय. युएछिन थोंगकडे बघतेय. नियमावलीत एकोणीस कलमं आहेत, आम्ही तीनदा चाळली. हा "का" त्यात कुठेच बसत नाही. आजवर आम्ही कुठं जायचं आणि कुठं नाही हे तुम्ही सांगत आलात, साहेब, मग हेही तुम्हीच सांगा, आणि लवकर सांगा: त्या पोरीला थोंगनं काय उत्तर द्यायचं?