उचकीवर औषध नाही

आमच्या इमारतीत ज्याला शिंक येईलसं वाटतं, तो आधी गॅलरीचं दार लावून घेतो. तळमजल्यावर सुपडू नाना राहतात आणि कोणत्या घरात कोण शिंकलं हे त्यांना खाली बसून कळतं. तुम्ही नाक पुसेपर्यंत नाना तव्यावर भाजलेल्या ओव्याची पुरचुंडी घेऊन दारात हजर. "भाऊ, छाती उघडी कर. डाक्टरकडे कसाले जास? दवा बठ्ठी घरमाच शे."

हे 'बठ्ठी घरमाच शे', म्हणजे सगळं घरातच आहे, हे नानांचं ब्रीद. जन्म जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींवर देखरेख करण्यात गेला. मुलगी नाशिकला दिली. निवृत्त झाल्यावर जळगावातल्या मेहरूणमधल्या आमच्या इमारतीच्या तब्येतीची जबाबदारी त्यांनी कोणी न सोपवता अंगावर घेतली. दाढ दुखली की लवंग, पोट फुगलं की बेंबीत हिंग, घसा बसला की सुंठ-गुळाची गोळी. ही गोळी त्यांच्यासमोर गिळावी लागते आणि नंतर तोंड उघडून दाखवावं लागतं, कारण एकदा मी ती गालात ठेवून निसटलो होतो.

नानींना डोकेदुखीचा जुना त्रास आहे. कपाळावर सुंठेचा लेप लावून त्या दिवसभर वावरतात आणि नाना भाजी आणायला गेले की आमच्याकडून गुपचूप गोळी घेऊन जातात. "यास्ले सांगू नका," एवढंच म्हणतात. संध्याकाळी दुखणं उतरलं की नाना जिन्यात भेटेल त्याला सुंठेचा गुण सांगत सुटतात आणि नानी मान डोलावतात.

उन्हाळ्यात कांद्याचा कारभार सुरू होतो. जळगावचं ऊन कसं असतं ते मी सांगायला नको. खिशात कांदा असला की ऊन लागत नाही, असं इकडे बरेच लोक मानतात. पण मानणं वेगळं आणि नानांनी सकाळी फाटकात उभं राहून प्रत्येकाचा खिसा चाचपणं वेगळं. एकदा ऑफिसात सही घ्यायला मी साहेबांपुढे वाकलो आणि माझ्या वरच्या खिशातला कांदा टेबलावरून घरंगळत थेट त्यांच्या चहाच्या कपाला जाऊन टेकला. साहेबांनी शांतपणे ड्रॉवर उघडून स्वतःचा कांदा दाखवला. तेव्हापासून मी नानांशी वाद घालणं सोडलं.

पण नानांच्या औषधाला गुण येतो तसा कधी कधी जास्तच येतो. त्यांचे धाकटे भाऊ धुडकू पारोळ्याजवळ शेती करतात. त्यांच्या मुलीच्या लग्नात धुळ्याहून आलेले व्याही बोलता बोलता म्हणाले, प्रवासाने पोट साफ नाही. झालं. नानांनी आचाऱ्याची चूल अडवून सोनामुखीचा काढा केला आणि आग्रहाने त्यांना पेलाभर पाजला. पुढे अक्षता वाटल्या, मंगलाष्टकं सुरू झाली आणि नवरदेवाचे वडील कुठे सापडेनात. सापडले तेव्हा त्यांना बाहेर येणं शक्य नव्हतं. मुलाचं लग्न त्यांनी भिंतीपलीकडून ऐकलं. वरपक्षाने फार मनावर घेतलं. धुडकूंनी भरल्या मांडवात मोठ्या भावाला हात जोडले. "नाना, आते मना दारमा पाय ठेवू नका."

नानांनी पुन्हा पाय ठेवला नाही. हा किस्सा ते कधीच सांगत नाहीत. मला नानींनी सांगितला, गोळी घेता घेता.

आता नानांचं खरं वैशिष्ट्य. जगातल्या प्रत्येक दुखण्यावर औषध सांगणारा हा माणूस उचकीवर काहीही देत नाही. "ते दुखनं नही. कोनी तरी याद करी ऱ्हायनं. एकेक नाव ले. जेना नाववर थांबी, तो याद करी ऱ्हायना समज."

गेल्या थंडीत इमारतीच्या गच्चीवर भरताचा बेत होता. वांगी भाजली होती झकास, पण हिरव्या मिरचीला हात सैल सुटला होता. दुसऱ्या घासाला नानांना उचकी लागली. कोणी पाणी आणलं, कोणी साखर. नानांनी दोन्ही परत पाठवलं आणि नावं घ्यायला सुरुवात केली. नाशिकची मुलगी, जावई, जिनिंगमधला सोबती, गावचा न्हावी. "नाना, तो वारला ना?" कोणीतरी म्हणालं. नानांनी त्याचं नाव मागे घेतलं. उचकी चालूच. सगळे हसत होते. नानी मात्र खाली बघून भाकरी मोडत होत्या, म्हणून मला राहिलेलं नाव आठवलं.

जेवणं आटोपली. नानी पुढे झाल्या. जिन्यात नाना आणि मी दोघंच होतो तेव्हा मी म्हटलं, "नाना, पारोळ्याचं नाव राहिलं."

नाना थांबले. "ते मी लेत नही."

"अजून राग आहे?"

"राग कसाना, भाऊ? चूक मनीच व्हती." मध्येच उचकी आली. ती जाऊ देऊन ते हळू आवाजात म्हणाले, "पन नाव लिधं आनि उचकी थांबनी नही, मंग?"

आम्ही तसेच उतरू लागलो. पुढच्या वळणावर, कोणाचंही नाव न घेता, उचकी आपोआप थांबली.

"थांबनी का?" खालून नानींनी विचारलं. "बरं व्हयनं."

कठड्याला हात लावून नाना पुढच्या उचकीची वाट बघत तिथेच उभे राहिले.