बंद न पडण्याचा विक्रम

ज्या कुलपाचा आराखडा साऱ्या जगासमोर उघडा असतो, ते कुलूप सर्वांत सुरक्षित, असं शास्त्र सांगतं. आमच्या रुग्णालयाचा मुख्य संगणक अशाच मुक्त प्रणालीवर चालतो. तिचा कोड कुणीही वाचावा, चूक दिसली तर दुरुस्ती पाठवावी. जगभरातले हजारो लोक तो वाचतात. त्यामुळे आम्हाला वाचावा लागत नाही. (त्या हजारांपैकी नव्वद टक्के लोकही हेच म्हणतात, असा आमचा अंदाज आहे.)

प्रणालीत सुरक्षेची भोकं सापडतात, मागोमाग दुरुस्तीची ठिगळं येतात. आलेलं प्रत्येक ठिगळ आमचा विभाग तत्परतेने उतरवून घेतो आणि अहवालात 'दुरुस्ती पूर्ण' असं लिहितो. फक्त मशीन बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय मोठी ठिगळं लागू होत नाहीत, आणि बंद करणं आमच्या तत्त्वात बसत नाही. मशीन सहा वर्षं अखंड चालू होतं. दरवर्षी त्याच्यापुढे पुष्पगुच्छ ठेवून विभागप्रमुख भाषण करायचे आणि उपप्रमुख म्हणून मी टाळ्या वाजवायचो.

नव्या इंजिनिअर बाईंना हे काही पटेना.

"सर, मोठं भोक सापडलंय. ठिगळ आणून ठेवलंय. दहा मिनिटं बंद करू द्या, हात जोडते."

"अहो बाई, आणि विक्रमाचं काय?" प्रमुख म्हणाले.

तरीही लोकशाही म्हणून समिती नेमली. भोक गंभीर असून ते गुप्त ठेवावं, असा समितीने निर्णय दिला. (ते जगजाहीर झालं होतं, पण आमच्याकडून नव्हे.)

पुढच्याच आठवड्यात त्याच भोकातून चोर शिरला. माणूस कामाचा पक्का! मागून दुसरा चोर येऊ नये म्हणून त्याने आधी आमचंच ठिगळ लावलं आणि मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. मग निवांतपणे खंडणीसाठी शस्त्रक्रियांची प्रतीक्षायादी कुलूपबंद केली. (राखीव प्रत होती. त्याच मशीनवर.)

प्रमुखांच्या डोळ्यांत पाणी आलं. यादीचं नंतर बघू, आधी विक्रम कुणी मोडला, याची चौकशी सुरू झाली.

यादीत माझ्या सासूबाई होत्या. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दोन वर्षं थांबलेल्या, आणि येत्या सोमवारी त्यांचा नंबर होता. आता नंबरही गेला नि सोमवारही. घरी भिंतीला धरत धरत त्या खुर्चीपर्यंत आल्या, बसल्या आणि म्हणाल्या, "जावईबापू, मी दोन वर्षं थांबले. तुमच्या मशीनला दहा मिनिटं थांबवत नव्हतं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी अधिकृत भूमिका म्हणून सांगितलं, की मशीन आता पूर्ण सुरक्षित आहे. आणि ते खरंच होतं हो!

तुम्ही हसताय. हसा, हसा. 'आता रीस्टार्ट करायचं का?' असं तुमचा फोन कधीपासून विचारतोय आणि तुम्ही कितव्यांदा 'नंतर' दाबलंत, हे आम्ही विचारत नाही. काळजी नसावी. तुम्हाला वेळ झाला नाही, तर कुणीतरी येऊन करून जाईल.