कापसाच्या बाजारातला राक्षस

यंदा बाबांना नाटक दाखवणारच, असं सूर्यभाननं अमरावतीत साऱ्या नाटक मंडळींसमोर छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. "बाबा नाटकाकडे येत नाईत ना? मंग नाटकच त्याईच्या गाडीपाशी नेतो!"

बोलायला काय जातं! मंडळी चातुर्मासात एका जागी बसून नवं आख्यान बसवीत आणि दिवाळी झाली की ते गावोगाव लावीत. नेमकी तेव्हाच वऱ्हाडात कापसाची बोंडं फुटत. सातासमुद्रापलीकडे कुठेशी लढाई जुंपून कापसाचा भाव आभाळाला भिडल्यापासून तर कापसापुढे देवही मागे पडला होता. त्याचे बाबा, बाळापूरकडचे महादेवराव, त्या दिवसांत घरचं लग्नसुद्धा काढत नसत, मग पोराचं सोंग कुठलं बघणार? सूर्यभान नाटकात रमला आणि शेत सुटलं, तेव्हापासून बापलेकांचं बोलणं आईच्या, पार्वताबाईच्या, तोंडूनच चाले. बापानं आपल्याला एकदा रंगलेलं बघावं, एवढंच त्याला हवं होतं.

म्हणून त्यानं मालक कमलाकांतपंतांच्या मागे लागून नव्या नाटकाचा मांडव अकोल्याच्या कापूसबाजारात, गाड्यांच्या तळाला खेटूनच घालायला लावला. पंत हरखले. आयती गर्दी! पंतांना कापूस ठाऊक होता तो गादीतला. पण सूर्यभान शेतकऱ्याचा पोरगा असून विसरला, याला काय म्हणावं?

दिवेलागणीला नाटक सुरू झालं. गाडी भरून बाजाराला आलेले महादेवराव कापूस सोडून हलणार नव्हतेच. गाडीवर बसल्या बसल्याच पाहू लागले. सूर्यभाननं पडद्याआडून बाप पाहिला आणि त्याला चेव चढला. त्याचं सोंग राक्षसाचं, आणि राक्षसानं यायचं पडद्यामागून. हा निघाला थेट बापाच्या गाडीजवळून, आरोळी ठोकत, आणि हातातल्या मशालीवर त्यानं राळेची मूठ फेकली. माणसाहून उंच भडका उठला.

ज्याच्या गाडीत कापूस आहे त्याला राक्षस दिसत नाही, विस्तव दिसतो. सारा तळ ओरडत उठला. महादेवरावांनी बैलांसाठी भरलेली घागर उचलली आणि राक्षसाच्या डोक्यावर रिती केली. अर्धं पाणी त्यांच्याच कापसावर गेलं. मशाल विझली, काजळ-शेंदूर ओघळला आणि खालून पोराचा चेहरा निघाला.

"सूर्यभान?" कित्येक वर्षांनी बाप त्याच्याशी थेट बोलला.

सूर्यभान मान खाली घालून उभा राहिला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पंत पडदा पाडायला सांगू लागले. महादेवरावांनी खांद्यावरचं घोंगडं काढून पोराचं डोकं पुसलं.

"जाय, पुढचं कर. मशाल राहू दे. मी बसून आहो."

विझलेल्या राक्षसाला बाजार पोट धरधरून हसला. शेवटच्या युद्धात तो मेला, तेव्हाही हसला. एकटे महादेवराव डोळ्यांना धोतराचा सोगा लावून बसले होते.

पोरासाठी नव्हे, कापूस भिजला म्हणून रडलो, असं ते पुढे जन्मभर सांगत.